पोरांना बर्फावर न्यायचंय, पण कुठे?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "थोरली अकरावीत, धाकटा नववीत. दोघांनी मोबाईलवर स्कीइंग बघितलंय आणि हट्ट धरलाय. दोन वर्षं भिशीचे पैसे बाजूला ठेवलेत. मनालीला जाऊ का काश्मीरला?" सगळ्या हसल्या. पण दोन वर्षांची बचत लागणार असेल तर विचार करूनच ठरवलं पाहिजे, म्हणून आज हाच विषय घेतलाय.

स्कीइंग म्हणजे पायात दोन लांब पट्ट्या अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणं. बघायला सोपं, पण घसरण्याआधी थांबायला शिकावं लागतं. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवलेली, छपरासारखा आकार करायचा, की वेग कमी होतो. एवढं अंगात मुरायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न हा: तिथे हलका उतार आहे का, शिकवणारा आहे का, आणि चार-पाच दिवस एकाच ठिकाणी राहता येईल का? सहा दिवसांत पाच गावं दाखवणारी सहल असेल, तर पोरं स्की पायात घालून फोटो काढतील आणि परत येतील.

आता वेळ बघा. आपण फिरायला निघतो मे महिन्यात. तेव्हा रोहतांगला बर्फ दिसतो, भाड्याचे कोट घालून त्यात खेळता येतं, पण नीट शिकायचं तर साधारण जानेवारी-फेब्रुवारीच. नेमक्या तेव्हाच दहावी-बारावीच्या तोंडी आणि लेखी परीक्षा. म्हणजे आठवी, नववी किंवा अकरावीचं वर्षच धरायचं. त्या ताईंचं हे वर्ष दोन्ही मुलांना बसतंय. पुढच्या वर्षी एक बारावीत, दुसरा दहावीत.

मनालीजवळचं सोलंग पोहोचायला सोपं. पण तिथे बर्फ थोडे दिवस टिकतो आणि गर्दी फार. तासाच्या हिशोबाने स्की देणारे, हात धरून दहा पावलं चालवणारे भेटतात. त्याला शिकणं म्हणत नाहीत. मनालीची सरकारी गिर्यारोहण संस्था तिथे रीतसर वर्ग घेते, तो मिळाला तर गोष्ट वेगळी.

उत्तराखंडातलं औली मला कुटुंबासाठी आवडतं. उतार रुंद आहे, समोर नंदादेवी, आणि गढवाल मंडल विकास निगम आठवड्याचे वर्ग घेतं. पण ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत गाडीत पूर्ण दिवस जातो. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली, तेव्हा औलीचा रोपवे बंद झाला; आज काय स्थिती आहे ते निघण्याआधी विचारा. त्याच वर्षी बर्फ कमी पडला म्हणून तिथल्या राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाल्या होत्या.

बर्फाची खात्री त्यातल्या त्यात गुलमर्गला. तीही पूर्ण नाही. 2024 च्या जानेवारीत तिथली कुरणं कोरडी होती. गावालगतचे हलके उतार नवख्यांसाठी फार चांगले, आणि केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग शिकवणारी संस्था तिथेच आहे. मात्र गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतच्या उंचीवर नेतो. तिथून स्कीवर उतरणं तरबेज माणसाचं काम. 2023 आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्या डोंगरावर हिमकडे कोसळून परदेशी स्कीपटू गेले. वयात आलेली पोरं एकमेकांना ईर्षेने वर ओढतात, तेव्हा "वर जायचं ते बघायला, उतरायचं पाळण्यातूनच" हे घरूनच बजावून न्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर घरातली मोठी माणसं काश्मीरला नको म्हणत असतील, तर त्यांना समजावण्यात वेळ घालवू नका, औली धरा. धास्तावून केलेल्या प्रवासात पोरांनाही मजा येत नाही.

माझं मत विचाराल, तर घरच्यांची तयारी असेल तर गुलमर्ग, नसेल तर औली. सोलंग नुसती चव घ्यायला.

फोन करून चार गोष्टी विचारा: वयाची अट काय, एका शिक्षकामागे किती मुलं, फीमध्ये राहणं-जेवण-साहित्य धरलंय का, आणि बर्फच नसेल तर पैसे परत मिळतात का. हेल्मेट देतात का, हेही. बूट मापाचे हवेत. सैल बुटात पाय वळतो आणि पोरगं पहिल्याच दिवशी "नको" म्हणतं. घट्ट निघाले तर लाजू नका, बदलून मागा. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, म्हणून आतून लोकरीचे घाला, आणि गॉगल विसरू नका. बर्फावरचं ऊन डोळे जाळतं. पोहोचल्यावर एक दिवस आराम, कारण गुलमर्ग अडीच हजार मीटरच्याही वर आहे.

मुलींच्या आयांनो, एक गोष्ट कोणी सांगत नाही. उतारावर संडास जवळ नसतो आणि जाड कपडे, बूट काढायला वेळ लागतो. पाळीची तारीख बघून निघा, पॅड पिशवीत नाही तर तिच्या खिशात द्या, आणि शिकवणाऱ्याला "थांबायचंय" म्हणायला तिला आधीच सांगून ठेवा. पाळी आली म्हणून तिला खोलीत बसवू नका. बरं वाटत असेल तर तिलाही भावाएवढेच दिवस उतारावर मिळू द्या. पैसे दोघांचे सारखेच भरलेत.