'पुट ऑफ' म्हणजे नेमकं काय?



इंग्रजीत अडखळायला अवघड शब्दच लागतात असं नाही. 'पुट' आणि 'ऑफ' हे दोन्ही शब्द शाळकरी पोरालाही येतात. पण ते शेजारी बसले की डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढे ढकलली जाते! सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकलं होतं की क्रियापदाला असा चिमुकला शब्द जोडायची रीत परक्यांना सर्वांत जड जाते. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र तिला विसाव्या शतकात चिकटलं.

खरं तर आपण बिचकायचं कारण नाही. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून टाक, यांतला फरक आपल्याला कुणी शिकवला? 'लिहून टाक' म्हटल्यावर कुणी कागद फेकत नाही. आपण दुसऱ्या क्रियापदाकडून जे काम करून घेतो, तेच इंग्रज ऑफ, अप, आउट यांच्याकडून करून घेतो.

आता 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ'. इथे आपली हमखास गल्लत होते. लग्न 'पुट ऑफ' केलं तर नवा मुहूर्त निघेल. 'कॉल ऑफ' केलं तर मोडलंच. कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स परत मागायचा की नाही, हे त्या एका शब्दावर ठरतं.

शब्दांच्या जागेचंही पथ्य आहे. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतं. पण मीटिंगच्या जागी 'इट' आलं, की ते मध्येच बसतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' म्हणायचं नाही. जायचं टाळलं हे सांगताना 'पुट ऑफ गोइंग' म्हणावं, 'पुट ऑफ टू गो' नव्हे.

याला दुसराही अर्थ आहे, मन उडण्याचा. एखाद्या वासानं जेवणावरची इच्छा गेली, की त्या वासानं तुम्हाला 'पुट ऑफ' केलं.

आणि तारीख अलीकडे आणायची असेल तर? आपल्याकडे सर्रास 'प्रीपोन' म्हणतात. भारतीय इंग्रजीतला हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशातही गेला आहे, तेव्हा इथे तो बेलाशक वापरा. लंडनला पत्र धाडताना मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा, म्हणजे पाहुणा वेळेवर येईल.