भूर्जवनातील चार ऋतू

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जपानहून परत आल्यापासून मला एक विनंती वारंवार होते. "सर, एकदा जपानवर बोला." काय बोलायचे तेही विनंती करणारा सांगून टाकतो. बुलेट ट्रेनवर बोला, यंत्रमानवावर बोला, तिथल्या वक्तशीरपणावर बोला. हे सारे मी पाहिले, पण त्याची माहिती तुम्हाला आता घरबसल्या मिळते. म्हणून आज मी तुम्हाला एका रानात घेऊन जाणार आहे. त्या रानात मी चार वेळा गेलो, चार निरनिराळ्या ऋतूंत. आणि तिथेच दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने मला असा साधा प्रश्न विचारला, की माझी बी.ए., बी.एड. ही पदवी क्षणभर खिशातच राहिली. तो प्रश्न पुढे येईलच.

प्रथम हे रान कुठे आहे ते सांगतो. जपान सरकार परदेशी शिक्षकांना दीड वर्षाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. त्या शिष्यवृत्तीवर मी नागानो शहरात राहत होतो. नागानो हा जपानच्या मुख्य बेटाच्या मध्यभागी असलेला डोंगराळ प्रांत. त्याला समुद्रकिनारा नाही. १९९८ सालची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा इथेच झाली होती. नागानोहून रेल्वेने कोमोरो गावी यायचे, तिथे कोउमी मार्गावरची छोटी गाडी धरायची आणि चिकुमा नदीच्या काठाकाठाने याचिहो स्टेशनावर उतरायचे. पश्चिमेला यात्सुगाताके पर्वताची रांग दिसते. त्या रांगेच्या उतारावर, सुमारे १,५०० ते १,६०० मीटर उंचीवर याचिहोचे पठार आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे. म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर हे रान पसरले आहे असे समजा. सुमारे २०० हेक्टर जागा आणि त्यात पाच लाख झाडे, असा त्याचा लौकिक आहे.

ही झाडे पांढरी आहेत. जपानीत त्यांना शिराकाबा म्हणतात. 'शिरा' म्हणजे पांढरे. नागानो प्रांताचे मानाचे झाड हेच. खोड सरळ, सडपातळ आणि चुना दिल्यासारखे पांढरे. त्यावर आडव्या बारीक रेघा. जिथे जुनी फांदी गळून पडली तिथे मिशीसारखी काळी खूण. खोडावरून हात फिरवला तर बोटांना पांढरी पूड लागते. मला पहिल्यांदा ती लागली तेव्हा हसू आले, कारण ती अगदी खडूच्या पुडीसारखी होती. परक्या मुलखात शिक्षकाला याहून ओळखीची खूण कोणती मिळणार?

पहिली भेट ऑक्टोबरमधली. जपानला पोहोचून दोनच आठवडे झाले होते. भाषा येत नव्हती आणि घरची आठवण छळत होती. अशा वेळी आमच्या प्रशिक्षणाशी संबंध असलेले एक निवृत्तीला आलेले शिक्षक मला तिकडे घेऊन गेले. पाने पिवळी झाली होती. आपल्याकडे पिवळे पान म्हणजे वाळलेले पान. तिथे सबंध डोंगर हळदीसारखा पिवळा, खाली पांढरी खोडे आणि वर निळे आकाश. वारा आला की बारीक पानांचा पाऊस पडे. दोन तास आम्ही चाललो आणि फारसे बोललो नाही. बोलता येत नव्हते हे खरे, पण बोलण्याची गरजही वाटली नाही.

दुसरी भेट फेब्रुवारीतली. पठाराच्या वरचा मुगिकुसा घाट २,१२७ मीटर उंचीवर आहे. तिथला रस्ता नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बर्फामुळे बंद असतो. पठारावर मात्र जाता येते. रात्री तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांवर उतरते. बर्फ पांढरे, झाडे पांढरी, आणि त्यातून आमच्या दोघांच्या पावलांची एकच रेघ. मी विचारले, ही साल पांढरी का? गुरुजींनी समजावून सांगितले. सालीत बेट्युलिन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे ती पांढरी दिसते आणि ऊन परतवते. हिवाळ्यात बर्फावरून उसळलेले ऊन खोडाला तापवते आणि सूर्य मावळताच कडाक्याची थंडी पडते. गडद साल अशा तापण्या-गोठण्याने तडकू शकते, पांढरी साल कमी तापते म्हणून वाचते. मुलांनो, हा पांढरा रंग त्या झाडाच्या कामाचा आहे, केवळ शोभेचा नव्हे.

त्या दिवशी जुहरची वेळ झाली. मी बर्फावर जाडा कोट अंथरला. गुरुजी काही न विचारता थोडे दूर जाऊन उभे राहिले. नमाज झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की तुम्ही हीच दिशा का निवडली? मी सांगितले, मक्का इकडे, पश्चिमेकडून थोडी उत्तरेला कलून. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे तुमचे गावही वाटेत त्याच बाजूला." घर सोडून पाच महिने झाले होते. त्या वाक्याने मला जो आधार दिला तो मी विसरणार नाही.

तिसरी भेट जूनमधली. मेच्या अखेरीस झाडांना कोवळी पाने फुटतात आणि जूनमध्ये त्या पांढऱ्या खोडांच्या खाली रेंगेत्सुत्सुजीची केशरी फुले उमलतात. हे झुडूप विषारी असते. चरणारी गुरे-घोडी त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुरणांच्या मुलखात ते टिकून राहते. त्या दिवशी गुरुजींनी मला या रानाची जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

शिराकाबा हे पुढे जाणारे झाड आहे. वणवा लागला, दरड कोसळली, जंगल तोडले गेले किंवा चराई थांबली, की उघडी जमीन उरते. सावली नाही, वाऱ्याला आडोसा नाही. अशा जमिनीवर जी झाडे सर्वांत आधी येतात त्यांत हे एक. त्याचे बी अगदी बारीक असते. त्याला दोन इवले पंख असतात आणि ते वाऱ्यावर लांबवर जाते. उघडी माती आणि भरपूर ऊन मिळाले की ते रुजते आणि भराभर वाढते. पण गंमत पुढेच आहे. एकदा ही झाडे मोठी झाली, की त्यांच्या सावलीत त्यांचीच रोपे जगत नाहीत. तिथे ओक, फर अशी सावली सोसणारी झाडे हळूहळू वर येतात. शिराकाबाचे आयुष्य साधारण सत्तर-ऐंशी वर्षांचे. ते कोसळते तेव्हा त्याच्या आडोशाने वाढलेली झाडे रान ताब्यात घेतात, आणि त्यांतला ओक पुढे शेकडो वर्षे उभा राहतो.

मी म्हणालो, म्हणजे हे सुंदर रान एक दिवस नाहीसे होणार? गुरुजी म्हणाले, माणसाने मध्ये पडून जपले नाही तर होईल. पण ते नाहीसे होईल तेव्हा इथे उघडी जमीन नसेल, अरण्य असेल.

चौथी भेट जुलैअखेरची. जपानमध्ये शहरातल्या शाळा मुलांना डोंगरावर मुक्कामाला नेतात. त्याला ते रानशाळा अशा अर्थाचा शब्द वापरतात. अशाच एका शाळेबरोबर मी गेलो. खाली शहरात उकाडा आणि वर पठारावर गार वारा. मुलांना पहिली ताकीद होती ती साल न सोलण्याची. ही साल कागदासारखी सुटते, त्यामुळे हात शिवशिवतात. शिक्षकांनी एक झाड दाखवले. कुणीतरी पूर्वी त्याची साल हातभर सोलून नेली होती. तिथे काळा पट्टा पडला होता. गेलेला पांढरेपणा त्या जागी पहिल्यासारखा परत येत नाही. सोलणाऱ्याला घटकाभराची मौज, आणि झाडाला ती खूण कायमची. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर स्वतःची नावे कोरणाऱ्या तरुणांची मला आठवण झाली.

तिथेच त्या मुलीने मला विचारले, "सेन्सेई, तुमच्या देशात हे झाड आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

सह्याद्रीत मी ते पाहिले नव्हते, एवढ्यावर मी सबंध हिंदुस्थानच्या वतीने उत्तर देऊन मोकळा झालो. रात्री मनाला रुखरुख लागली. नागानोला परतल्यावर ग्रंथालयात बसलो आणि अर्ध्या तासात माझी मान खाली गेली. शिराकाबाचा सख्खा भाऊ आपल्या हिमालयात आहे. त्याचे नाव भूर्ज. ज्याला आपण भोजपत्र म्हणतो ती त्याचीच साल! शाळेत मी स्वतः मुलांना शिकवले होते की प्राचीन काळी भूर्जपत्रावर लिहीत असत. पण ते पत्र कोणत्या झाडाचे, ते झाड दिसते कसे, हे मी कधी विचारलेच नव्हते. पेशावरजवळ १८८१ साली सापडलेली गणिताची बख्शाली पोथी भूर्जपत्रावरच लिहिलेली आहे. काश्मीरातील जुन्या घरांच्या आणि मशिदींच्या छपरांत मातीच्या थराखाली हीच साल अंथरीत, कारण ती पाणी आत येऊ देत नाही.

आणि या सर्वांची नोंद करणारा कोण? अल्-बिरूनी. सुमारे १०३० साली लिहिलेल्या 'किताब-उल-हिंद' या ग्रंथात त्याने सांगितले आहे, की उत्तर व मध्य हिंदुस्थानातले लोक भूर्ज झाडाच्या सालीवर लिहितात. ती साल तेल लावून, घोटून कशी गुळगुळीत करतात, पानांना क्रमांक कसे घालतात, सारी पाने कापडात गुंडाळून दोन फळ्यांमध्ये कशी बांधतात, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले. अशा ग्रंथाला पोथी म्हणतात, हेही त्याने नोंदवले. मित्रांनो, परक्या देशातून आलेला एक मुसलमान विद्वान संस्कृत शिकतो, इथल्या पंडितांना प्रश्न विचारतो आणि झाडाच्या सालीचीही दखल घेतो. आणि याच मातीत जन्मलेला मी इतिहासाचा शिक्षक न विचारता 'नाही' म्हणतो! ज्या धर्मातली पहिली आज्ञाच वाचनाची आहे, त्या धर्माच्या माणसाला हे शोभले नाही.

मी त्या वर्गाला पत्र लिहिले. माझे उत्तर चुकले होते, असे सुरुवातीलाच कबूल केले आणि सगळी माहिती कळवली. पंधरा दिवसांनी वर्गाचे उत्तर आले. त्या मुलीने लिहिले होते, की शिक्षकानेही चूक दुरुस्त केलेली पाहून तिला बरे वाटले.

नागानोच्या शिक्षकांचे आणि या झाडाचे नाते जुने आहे. १९१० ते १९२३ या काळात तोकियोहून 'शिराकाबा' नावाचे मासिक निघत असे. माणसाच्या स्वतंत्र व्यक्तित्वाचा आदर करणारे ते तरुण लेखकांचे मासिक होते. नागानोच्या खेड्यापाड्यांतील तरुण प्राथमिक शिक्षकांनी ते वाचले आणि ठरीव साच्याबाहेर जाऊन मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यापायी काहींना नोकरी गमवावी लागली. आज तिथे त्यांची आठवण आदराने काढतात. पुढे जाणाऱ्याच्या वाट्याला ऊन-वारा येतोच.

आता पालकहो, ही गोष्ट मी आज का सांगितली ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. मुलगा हुशार. वडील म्हणाले, "सर, आमच्या खानदानात कुणी शिकलेलं नाही. हा तरी शिकून काय करणार? गॅरेजात लागला तर चार पैसे येतील." मी खूप समजावले, पण अखेर दाखला द्यावा लागला. त्या दिवशी मला पठारावरची ती गोष्ट आठवली, पण सांगायला सुचली नाही. आज सांगतो. कुणी शिकलेले नाही, ही उघडी जमीन आहे. उघड्या जमिनीवर कुणालातरी पहिले उभे राहावेच लागते. पहिल्याला आडोसा नसतो, त्याला वाट दाखवायला घरात कुणी नसते. पण तो उभा राहिला, की त्याच्या सावलीत पुढच्यांना सोपे जाते.

माझे वडील अंगठा करीत. माझ्या प्रगतिपुस्तकावर सहीच्या जागी त्यांचा निळा अंगठा असे आणि मला त्याची लाज वाटे. आज मला त्या लाजेची लाज वाटते. ज्या सावलीत मी वाढलो, ती त्यांची होती. त्यांना स्वतःला पुस्तक वाचता आले नाही, पण घरात मी वाचत असलो की ते रेडिओ बंद करीत. एवढेच त्यांच्या हाती होते आणि तेवढे त्यांनी केले. तुमच्याही हाती निदान एवढे आहे.

ज्या वडिलांनी दाखला नेला, ते आज या सभागृहात असतील तर त्यांना माझी विनंती आहे. मुलाला गॅरेजचे काम शिकू द्या, हातातली कला वाईट नाही. पण दहावीचा अर्ज बाहेरून भरता येतो. तो भरायला त्याला माझ्याकडे पाठवा. शाळा सुटल्यावर संध्याकाळी मी तासभर बसेन. यात उपकार काही नाहीत, मला कुणाचे तरी देणे फेडायचे आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. कुणी विचारले, की तुमच्याकडे हे आहे का, तर माझ्यासारखे घाईने 'नाही' म्हणू नका. आधी शोधा. बहुधा ते आपल्याकडे असतेच. आपण विचारलेले नसते, एवढेच.

खुदा हाफिज.