पाणकणसाच्या मुळाशी औषध



बीड-लातूरकडच्या मंडळींना मांजरा नदी वेगळी सांगायला नको. तीच पुढे तेलंगणात जाते आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या औषध-कारखान्यांकडून येणारा नक्कावागू ओढा तिला मिळतो. तिथे सुमारे नव्वद कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध व्हायचं. स्वीडनच्या संशोधकांनी ते शुद्ध केलेलं पाणी तपासलं आणि २००७ साली आकडे छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत! गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही इतकं नसतं.

अशा पाण्यात औषधांना दाद न देणारे जंतू पोसले जातात, हे आपण ऐकतो. काठावरच्या पाणकणसाची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही.

पाणथळीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पाणकणीस, लव्हाळा यांच्या अंगात पोकळ्या असतात. त्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत उतरते, थोडी बाहेर झिरपते. मुळाभोवतीच्या त्या पातळशा थरात जिवाणूंचा स्वयंपाक चालतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, काही मातीला चिकटून बसलेला स्फुरद मोकळा करतात. मुळं जेवतात ते यांच्या हातचं. प्रतिजैविकाला रोगाचे जंतू आणि हे आचारी यांतला फरक कळत नाही. औषध कोणतं आणि किती, यावर परिणाम ठरतो. पण नायट्रेट करणारे मंदावले की अमोनिया साचतो. थोडा अमोनिया झाडाला चालतो, फार झाला तर तोच बाधतो.

भातशेतीतला अझोला हा तरंगता नेचा बघा. त्याच्या पानाच्या पोकळीत एक नीलहरित जिवाणू राहतो आणि हवेतलं नत्र बांधून देतो. प्रयोगशाळेत प्रतिजैविकं देऊन या भाडेकरूला मुद्दाम बाहेर काढतात. मग अझोला जगतो, पण पाण्यात नत्र घातलं तरच.

प्रतिजैविकांचा घाव खुद्द झाडावरही पडतो. पानातलं हरितद्रव्य ज्या हरितलवकांत असतं, त्यांचे पूर्वज जिवाणूच. त्यांची प्रथिनं बनवायची यंत्रणा अजून जिवाणूंच्याच वळणाची आहे, म्हणून टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक तिलाही अडवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या डीएनएच्या कामात खोडा घालतं. पान फिकटलं की ऊर्जा घटते, आणि नायट्रेट, स्फुरद आत ओढायला मुळांना ऊर्जा लागते. शिवाय टेट्रासायक्लिन कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांना धरून ठेवतं. डॉक्टर ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात, ते याचसाठी.

गंमत अशी, की अगदी कमी मात्रेत काही झाडं उलट जोमानं वाढलेलीही दिसली आहेत. त्यामुळे काठ हिरवा आहे एवढ्यावरून पाण्याची परीक्षा करणं मला धोक्याचं वाटतं.

सांडपाणी गाळायला आपण हीच झाडं मुद्दाम लावतो. त्यांनी उचललं नाही ते नत्र-स्फुरद तसंच पुढे वाहतं. औषधाला कारखान्यातच आवर घालायला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं जानेवारी २०२० मध्ये औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी नियमांचा मसुदा काढला होता. त्यात शंभरावर प्रतिजैविकांच्या मर्यादा दिल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा त्या मर्यादा गाळलेल्या होत्या.