पाकिटातला खेळाडू आणि वहीतला खेळाडू



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांच्या नावाने बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, हा माझा बहुमान आहे. या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, गोमंतकाचा इतिहास, शिक्षणाचे माध्यम अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली आहेत. मी मात्र मुलांच्या खिशात सापडणाऱ्या फुटबॉलच्या कार्डांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कार्यवाहांच्या कपाळाला किंचित आठी पडली होती, हे मी येथे प्रेमाने नमूद करतो. पण सरांचा आणि या विषयाचा एक जुना संबंध आहे. तो काय, हे शेवटाकडे सांगेन.

गेल्या उन्हाळ्यात डिचोलीहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिचा दहा वर्षांचा नातू देवघरातल्या डबीतून पाचशे रुपयांची नोट घेऊन गेला होता आणि साऱ्या पैशांची फुटबॉल-कार्डांची पाकिटे आणून, माडीवर बसून एकामागून एक फोडून मोकळा झाला होता. त्याला हवे होते एकच चमकते कार्ड. ते काही निघाले नाही. ताईने त्याला मारले नाही. मुलगा इतका रडत होता की मारायला हात उठेना, असे ती म्हणाली. "तू मास्तर आहेस, तूच ये आणि बघ," एवढे बोलून तिने फोन ठेवला.

मी गेलो. अंथरुणावर कार्डांचा ढीग पडला होता. एकेका कार्डावर खेळाडूचे रंगीत चित्र, त्याच्या संघाचे चिन्ह, आणि बचाव किती, आक्रमण किती, असे आकडे. दोन मुले आपापले पत्ते पुढे टाकतात, ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो. आम्ही काजूच्या बिया रांगेत मांडून खेळत होतो. जिंकलेल्या बिया चड्डीच्या खिशात खुळखुळत घरी जात आणि मे महिना संपला की आई त्या विकून टाकी. त्या खेळाहून हा खेळ मुळात निराळा नाही. पोराला मी सहज विचारले, हा मनुष्य कोणत्या देशाचा? त्याने सेनेगल सांगितले आणि नकाशात आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला बोट अचूक ठेवले. माझ्या वर्गातल्या दहावीच्या मुलांना ते जमले असते की नाही, याची मला शंका आहे. तेव्हा या कार्डांना नुसते 'थेर' म्हणून बाजूला सारणे मला त्या क्षणापासून अवघड झाले.

या छंदाचा उगम पाहू गेल्यास एक गमतीचा योगायोग हाती लागतो. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने, १८८३ साली, शिवोलीत. त्याच दशकात इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे जॉन बेन्स नावाचा व्यापारी ढालीच्या आकाराची, खेळाडूंची आणि संघांची छोटी कार्डे पाकिटांत घालून मुलांना विकू लागला. म्हणजे गोव्यातला फुटबॉल आणि फुटबॉलचे कार्ड ही जवळजवळ एका वयाची भावंडे होत. पुढे सिगारेटच्या कंपन्यांनी पाकीट चेमटू नये म्हणून आत घातलेल्या पुठ्ठ्यावर चित्रे छापली. बाप सिगारेट ओढे आणि मुलगा चित्र जमवी. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि ब्रिटनमधली ही चित्रे थांबली. युद्धानंतर इटलीतील मोदेना शहरात वर्तमानपत्रांच्या विक्रीत असलेल्या पानिनी बंधूंनी १९६१ साली खेळाडूंची चित्रे आणि ती चिकटवण्याचा अल्बम असा जोडव्यवहार सुरू केला. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकाचा त्यांचा अल्बम देशोदेशी पोहोचला. टॉप्स या अमेरिकी कंपनीचे 'मॅच अटॅक्स' २००७ मध्ये निघाले आणि कालांतराने आपल्याकडील वह्या-पेन्सिलींच्या दुकानांतही लटकू लागले. आमच्या पिढीच्या धाकट्या भावांना 'बिग फन' च्युइंगमबरोबर मिळणारी धावांची आणि बळींची क्रिकेट-कार्डे आठवत असतील. तीही याच वंशावळीतली.

आता आपल्या पेडणे-डिचोलीकडे वळतो, कारण येथे गोष्ट जराशी वेगळी आहे. शिवोली आणि आपला पेडणे महाल यांच्यामध्ये एक शापोरा नदी. शिवोलीच्या धक्क्यावरून पलीकडे चोपडे दिसते. तरीही फुटबॉलला ती नदी ओलांडायला फार काळ लागला. बार्देश-सासष्टीत चर्चसमोरचे मैदान होते, पाद्रींच्या शाळा होत्या, गावागावांच्या स्पर्धा होत्या. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादींत आमच्या लहानपणी देवळाचे प्रांगण होते, भजन होते, दशावतार होता, आणि खेळायचे तर कबड्डी, व्हॉलीबॉल आणि भाताची कापणी झाल्यावर शेतातले क्रिकेट. फुटबॉल म्हणजे 'पलीकडच्यांचा' खेळ, असे वडीलधारी मंडळी म्हणत. त्यात तुच्छता नव्हती. फक्त नदीचे अंतर होते.

ते अंतर आमच्यासाठी वर्तमानपत्राने तोडले. १९८३ साली गोव्याने बंगालबरोबर संतोष चषक वाटून घेतला आणि पुढच्या वर्षी तो एकट्याने जिंकला. गोलरक्षक होते ब्रह्मानंद शंखवाळकर. 'शंखवाळकर' हे नाव वाचून आमच्या गावातल्या कित्येकांना प्रथमच वाटले की हा खेळ आपलाही असू शकतो. ब्रह्मानंद पुढे भारताचे कर्णधार झाले; १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री त्यांना मिळाली. साखळीत १९९९ मध्ये सेसा फुटबॉल अकादमी उभी राहिली आणि डिचोली तालुक्यातली मुले घरापासून हाकेच्या अंतरावर शिस्तीने खेळ शिकू लागली. २०१४ साली एफसी गोवा संघ आला, २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले. आज मोरजी-मांद्र्याच्या वाटेवर दर दुसऱ्या मुलाच्या अंगात कुठल्यातरी परदेशी संघाचा सदरा असतो. कार्डे या वाटेनेच आली.

परंतु बंद पाकिटाविषयी मला जे म्हणायचे आहे, ते थोडे कठोर आहे.

मी त्या मुलाला समोर बसवले. वीस चिठ्ठ्या केल्या, एक ते वीस आकडे लिहिले, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकल्या. एक चिठ्ठी काढायची, आकडा वहीत मांडायचा, चिठ्ठी परत बरणीत टाकायची, बरणी हलवायची. वीसही आकडे एकदा तरी येईपर्यंत थांबायचे नाही. पहिले दहा आकडे चौदा खेपांतच आले. पोरगा खूश झाला. "आता आणखी चौदा!" असे तो म्हणाला. मी काही बोललो नाही. विसावा आकडा आला तेव्हा एक्क्याऐंशी खेपा झाल्या होत्या आणि ताईने दोनदा जेवायला हाक मारली होती. गणित सांगते की वीस चिठ्ठ्यांच्या अशा खेळात सरासरी ७२ खेपा लागतात. त्यांतल्या तेरा-चौदा पहिल्या अर्ध्यासाठी आणि उरलेल्या सुमारे ५९ दुसऱ्या अर्ध्यासाठी. शेवटच्या एका चिठ्ठीसाठीच सरासरी वीस खेपा. आमचा आकडा जरा जास्त आला, इतकेच.

हाच हिशोब २०२२ च्या विश्वचषकाच्या अल्बमला लावा. त्यात ६७० चित्रे होती, पाकिटात पाच. कुणाशीही अदलाबदल न करता एकट्याने तो भरायचा म्हटले आणि सर्व चित्रे सारख्याच प्रमाणात छापली आहेत असे धरले, तर सरासरी सुमारे ४,७५० चित्रे, म्हणजे ९५० पाकिटे घ्यावी लागतात. नुसत्या शेवटच्या एका चित्रासाठी सुमारे १३४ पाकिटे! चमकती कार्डे तर मुद्दाम कमी घातलेली असतात, तेव्हा तिथे हा हिशोबही अपुरा पडतो. मुलाला पहिल्या आठवड्यात वाटते की संच झरझर भरतो आहे. अर्धा भरल्यावर तो खिळतो, आणि तोवर सोडून देण्याची वेळ निघून गेलेली असते. आपल्या गोव्यात मटक्याचा आकडा ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. बेल्जियमच्या जुगार नियामकांनी २०१८ मध्ये संगणकावरील फुटबॉलच्या खेळातली पैसे देऊन उघडायची बंद पाकिटे जुगारात मोडतात, असे ठरवले आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीला तेथे ती विक्री बंद करावी लागली. कागदी पाकिटाला कायदा तसे म्हणत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला मात्र दोहोंत फरक कळत नाही, हे मी माडीवर पाहिले.

मग बंदी घालावी काय? काही शाळांतून ती घातली गेली आहे, दप्तरे तपासून कार्डे जप्त होतात, आणि त्यामागची शिक्षकांची अडचण मला कळते. मधल्या सुट्टीतली मारामारी मीही सोडवली आहे. तरी बंदी मला पटत नाही. वरचे गणित पुन्हा पाहा. ज्या खेळात एकट्याला ९५० पाकिटे लागतात, तिथे वर्गातल्या तीस मुलांनी आपापली जादा कार्डे एकमेकांना दिली तर प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कितीतरी पटींनी खाली येतो. या छंदातला प्रामाणिक भाग अदलाबदलीचा आहे, आणि शाळा बंदी घालते ती नेमकी अदलाबदलीवर. दुकानातली विक्री तशीच राहते! मुलगा एकटा पडतो आणि एकटा मुलगा अधिक पाकिटे घेतो. माझी सूचना अशी, की शनिवारी शाळा सुटताना अर्धा तास एका वर्गात उघड देवघेव होऊ द्यावी, पैशाचा व्यवहार अजिबात नको, आणि मोठ्याने लहानाला फसवू नये म्हणून एक शिक्षक तेथे असावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वस्तूची पारख करायला मुले जशी आईचा हात धरून शिकतात, तशी ती येथेही शिकतील.

आता सरांची गोष्ट. १९८४ साली मी याच शाळेत होतो. माझ्यापाशी दोनशे पानी वही होती आणि तिच्यात वर्तमानपत्रांतून कापलेली फुटबॉलपटूंची चित्रे. विकत काहीच मिळत नव्हते, त्यामुळे रद्दी हाच आमचा कारखाना. संतोष चषक जिंकलेल्या गोव्याच्या संघाचे छायाचित्र आले तो अंक गावात एकच होता, शाळेच्या वाचनालयात. मी ब्लेडने ते चित्र कापून घेतले. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावले. वही मागितली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणे पाहिली, आणि म्हणाले, "हे सगळे कोण?" मी चार-पाच नावे सांगितली आणि गप्प झालो. तेव्हा मला कळले की ज्यांच्यासाठी मी चोरी केली होती, त्यांतल्या निम्म्यांची नावेही मला ठाऊक नव्हती.

छडी मिळाली नाही. मैद्याची खळ करून ते चित्र त्यांनी माझ्याच हाताने अंकात पुन्हा चिकटवून घेतले. मग सांगितले, की प्रत्येक चित्राखाली नाव, गाव, संघ, मैदानावरची जागा आणि कोणत्या तारखेच्या कोणत्या अंकातून घेतले, हे लिहायचे. जे ठाऊक नाही त्यासाठी पत्र घालायचे. पोस्टकार्डे त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणून दिली. सोळा पत्रे गेली. उत्तर एकच आले, एका वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागातून, हिरव्या शाईत, तीन नावे आणि तीन गावे. ती वही पुरी करायला मला पावसाळा लागला. या शाळेत मी इतिहास शिकलो तो त्या पावसाळ्यात, असे आता वाटते. तेव्हा फक्त हात दुखत होता.

बहिणीच्या नातवाला मी तशीच एक कोरी वही दिली आहे. तो तिच्यात कार्डावरचे आकडे उतरवत नाही. साखळीच्या मैदानावर जाऊन तिथे सराव करणाऱ्या मुलांची चित्रे स्वतः काढतो आणि नाव, गाव, जागा खाली लिहून आणतो. युरोपच्या संचातले ते चमकते कार्ड त्याला अजून हवेच आहे. डबीतल्या पाचशे रुपयांपैकी एकशे ऐंशी त्याने आजीला परत केले आहेत.

माझी जुनी वही मी आज बरोबर आणली आहे आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने ती ग्रंथालयाला देत आहे. तिच्या सत्ताविसाव्या पानावर एक रिकामा चौकोन आहे. खाली तारीख व खेळाडूंची नावे आहेत, वर चित्र नाही. शाळेच्या वाचनालयातला तो अंक नंतर वाळवीने खाल्ला. आपणांपैकी कुणाच्या घरी, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत १९८४ च्या त्या दिवसांतले अंक असतील, तर कृपया ग्रंथपालांना कळवावे. कापू नका, अंक तसाच आणा. शाळेत आता छायाप्रतीचे यंत्र आहे.