बंबाच्या पुढच्या सीटवरचा माणूस

१०१ क्रमांकावर फोन जातो, घंटा वाजते आणि बंब निघतो. चालकाशेजारी बसलेला अधिकारी वाटेतच विचार करू लागतो: इमारत किती मजली, गल्लीत बंब वळेल का, पाणी कुठून मिळेल?

पोहोचल्यावर तो लगेच पाइप धरत नाही. आधी इमारतीभोवती नजर फिरवतो, वीज आणि गॅस बंद करवतो, आत कोणी अडकलंय का ते रहिवाशांना विचारतो. धुराचा रंग, तडकलेली भिंत, वाकलेली तुळई, सगळं त्याला वाचता यावं लागतं. पाणीही जपून मारावं लागतं, कारण पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट फुगते. बंद खोलीत वाफेला वाट न ठेवता पाणी मारलं, तर आपलेच जवान भाजतात.

सर्वांत अवघड काम मात्र माणसं मोजण्याचं. आत कोण गेलं, किती वाजता, पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती उरली, याचा हिशेब बाहेर ठेवावा लागतो. ‘मागे फिरा’ हा हुकूम वेळेवर देणं, हे माझ्या मते या पदाचं खरं कौशल्य. आग वरवर आटोक्यात दिसली तरी इमारत केव्हाही बसू शकते. २०१५ साली मुंबईत काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाने आपले वरिष्ठ अधिकारी गमावले.

आग विझल्यावरही राख उपसून धुमसते निखारे शोधायचे, अहवाल लिहायचा, पाइप धुऊन वाळवायचे आणि सिलिंडर भरून ठेवायचे. पुढची घंटा कधी वाजेल, ते कुणाला ठाऊक?