कॉलेजातल्या मुलांची हृदयतपासणी
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला गृहस्थ उभा राहतो. वीस वर्षांच्या मुलीचा विचार कोणी करीत नाही. मीही केला नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या लेकीच्या कॉलेजात सर्व मुलांची तपासणी झाली. वजन, कंबर, रक्तदाब पाहिला, रक्तही घेतले. पोर अंगाने अगदी काडी, तेव्हा मी निर्धास्त होते. चिठ्ठी आली तिच्यात कोलेस्टेरॉल 318 लिहिलेले. ते 200 च्या आत असावे लागते. त्यातले वाईट म्हणतात ते एकटेच 232. मी काय केले म्हणाल, तर चिठ्ठीची घडी घालून रव्याच्या डब्यामागे ठेवली आणि घरातले तूप बंद केले. स्थळे यायला लागली होती, बोभाटा नको, एवढेच मनात.

तीन आठवड्यांनी शिरा करायला म्हणून लेकीनेच डबा काढला. “आई, ही माझ्या नावाची चिठ्ठी आहे ना?” म्हणाली. मला उत्तर देता आले नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न खाण्यापिण्याचा विचारलाच नाही. घरात लहान वयात कोणी गेले का, असे विचारले. माझे धाकटे दीर एकेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेले. आम्ही त्याला दगदग म्हटले, दृष्ट म्हटले, नशीब म्हटले. त्यांच्या भावाचे रक्त तपासावे हे कोणालाच सुचले नाही. वाईट कोलेस्टेरॉल रक्तातून उचलून घेणे हे यकृताचे काम. काही माणसांत ते जन्मापासूनच मंद चालते, आणि उरलेले रक्तवाहिन्यांच्या आतून थरावर थर बसत जाते. सुमारे 250 माणसांत एकाला हा दोष असतो. आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलात उतरण्याचा संभव निम्मा. तपासणीत ह्यांनाही निघाला, धाकट्या मुलाला नाही. अशा माणसांना नुसते तूप सोडून भागत नाही, औषध घ्यावे लागते.

डॉक्टर आणखी म्हणाले, “लग्न ठरवताना लपवू नका. दिवस राहण्याआधी ह्या औषधाचा विचार करून बहुधा ते थांबवावे लागते. सासरी ठाऊकच नसेल, तर ती कोणाला सांगणार?” त्यावर मी काय बोलणार!

इतक्या लहानपणी कशाला तपासणी, असे पुष्कळजणी म्हणतात. कोरियाच्या युद्धात पडलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदये तिथल्या डॉक्टरांनी तपासली, ती हकीकत 1953 साली छापून आली. सरासरी वय 22, तरी शंभरांत 77 जणांच्या हृदयाच्या वाहिन्यांत रोगाची चिन्हे होती. आणि आपल्या देशातल्या लोकांना हृदयाचा झटका पाश्चात्यांपेक्षा दहाएक वर्षे आधी येतो म्हणतात.

बाकीची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. मीठ दिवसाला माणशी चहाचा एक चमचाभर, त्यात लोणचे-पापडही आले. टपरीवरची सिगारेट वाईट, तशी मिसरीही तंबाखूच, बरे का! मी कोणाकडेच पाहत नाही.

मुलाचा रक्तदाब मोजायचा तर जिना चढून आल्या आल्या मोजू नये, पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. 140 वर 90 निघाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांकडे न्यावे. आणि हृदयाचा आलेख चांगला आला म्हणून रक्ताची तपासणी सोडू नये. आलेखात कोलेस्टेरॉल दिसत नाही.

घरी गेल्यावर एक कागद घ्या. माहेर-सासरचे कोण कोणत्या वयात हृदयाने गेले, ते लिहा. पुरुष पंचावन्नच्या आत, बाई पासष्टच्या आत गेली असेल, तर तो कागद मुलांबरोबर डॉक्टरांकडे द्या.

लेकीचे औषध चालू आहे. परवा एक स्थळ आले, तेव्हा तिने स्वतःच सारे सांगून टाकले. त्या मंडळींचे अजून काही कळलेले नाही.