बोका घरी, आपण गावाला

गणपतीला पनवेलहून कोकणात निघायचं, तर बोक्याचं काय? रेल्वेनं न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन बुक करावी लागते. नाहीतर मग ब्रेकव्हॅनमधली पेटी.

गेल्या वर्षी त्याला बोर्डिंगमध्ये ठेवला. दोन दिवस पठ्ठ्या काही खाईना. तिथले म्हणत होते, "होईल सवय." डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "लगेच या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठते, जिवावर बेतू शकतं." गौरी जेवायच्या आधीच मी परतलो. आई अजून ऐकवते.

मांजराला माणसांइतकीच जागेचीही सवय असते. म्हणून यंदा तो नेरुळलाच, आपल्या घरी. शेजारच्या काकूंना विचारायला मला, खरं सांगू, संकोच वाटत होता. ओळख लिफ्टपुरतीच ना! त्या लगेच हो म्हणाल्या. आठवडाभर आधी दोनदा त्यांच्याच हातून खायला घातलं. फ्रिजवर कागद लावलाय: खाण्याचं माप, लिटर कधी साफ करायचं, डॉक्टरांचा नंबर. आणि सगळ्यात वर, ठळक: "एक दिवस खाल्लं नाही, तर थांबू नका, फोन करा."

किल्ली दिलीये. यंदा गौरी जेवूनच येणार.